परदेशस्थ पत्नीचा प्रवेश : हक्क कीं मेहेरबानी?

लग्न हें दोन माणसांचें व दोन घराण्यांचें असतें, ही समजूत आपल्या समाजांत इतकी मुरलेली आहे कीं, त्या लग्नांत आणखी एक तिसरा पक्ष असूं शकेल, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. परंतु वधूवरांपैकीं एक जण परक्या देशाचा नागरिक असला, कीं हा तिसरा पक्ष आपोआप पुढें येतो. हा पक्ष म्हणजे राज्य. मंगलाष्टकें संपतात, अक्षता पडतात, सप्तपदी पुरी होते, किंवा काजीसमोर निकाह लागतो; आणि एवढें होऊनही नवऱ्याला बायको, अथवा बायकोला नवरा, आपल्या घरीं आणावयाचा तर कचेरींत अर्ज करावा लागतो, लग्न खरें असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि उत्तराची वाट पाहत बसावें लागतें.

छत्रपति संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादच्या, पूर्वेस जालन्याच्या रस्त्यावर चिकलठाणा आहे. एके काळीं हें शेतकऱ्यांचें गांव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें औद्योगिक वसाहत उभी राहिली, शेजारीं विमानतळ झाला, आणि पाहतां पाहतां गांव शहराच्या पोटांत गेलें. पूर्वीं अशा गांवची सोयरीक पैठण, जालना, फार तर नगर-परभणीपर्यंत जात असे. आतां मराठवाड्यांतील मुलें-मुली शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं जर्मनींत, अमेरिकेंत, आखाती देशांत जातात. कोणी तेथेंच लग्न जुळवितात, कोणी येथें लग्न करून जोडीदाराला तिकडे नेऊं पाहतात. या सर्वांना जो अर्ज भरावा लागतो, त्याच्या मागें शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास कोरड्या नियमांचा नाहीं. त्यांत तुरुंगवास आहे, मृत्यु आहे, आणि एका थोर महाराष्ट्रीय पुरुषाचे परिश्रमही आहेत.

पहिल्या महायुद्धापूर्वीं बहुतेक देशांत पासपोर्टावांचून जातां येत असे. हिंदुस्थानांत प्रवेशासाठीं पासपोर्ट हवा असा कायदा झाला तो १९२० सालीं. मात्र ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. ब्रिटिश साम्राज्याच्या गोऱ्या वसाहतींनीं हिंदी माणसासाठीं आपलीं दारें आधींच अरुंद करून ठेविलीं होतीं. नाताळनें १८९७ मध्यें युरोपीय भाषेंत लिहितां-वाचतां येण्याची अट घातली. कानडानें १९०८ मध्यें असा नियम केला कीं, येणाऱ्यानें मायदेशाहून वाटेंत न थांबतां, एकाच सलग प्रवासानें आलें पाहिजे. आणि अशा प्रवासाची सोय तर हिंदुस्थानांतून जवळजवळ नव्हतीच. कायद्यांत वर्णाचें नांव नसावें, पण परिणाम वर्णाचाच व्हावा, अशी ही युक्ति होती.

या सर्व अडवणुकींत पत्नीच्या प्रवेशाला विशेष महत्त्व कां आलें, हें समजून घेतलें पाहिजे. एकटा पुरुष परमुलखांत गेला, तर तो मजूर असतो; कांहीं वर्षें राबून तो परत जाईल, अशी आशा धरतां येते. त्याची पत्नी आली कीं, चूल मांडली जाते, मुलें जन्मतात, शाळा लागतात, आणि तो मजूर त्या देशाचा रहिवासी होतो. म्हणून ज्यांना हिंदी माणसाचे श्रम हवे होते पण हिंदी माणूस शेजारीं नको होता, त्यांना त्याच्या पत्नीची भीति वाटे. तिला बंदरावर अडविणें म्हणजे एका समाजाचें मूळच खुडून टाकणें होय.

नाताळ वसाहतींत उसाच्या मळ्यांवर करारबंद हिंदी मजूर नेण्यास १८६० सालीं आरंभ झाला. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले. कराराची मुदत संपलेल्या मजुरानें एक तर परत जावें, नाहीं तर पुन्हां करार करावा, यासाठीं १८९५ च्या कायद्यानें त्याजवर दरसाल तीन पौंडांचा कर बसविण्यांत आला. पुढें १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील चार वसाहतींचें एक संयुक्त राज्य झालें. तेथें कायम वास्तव्य केलेल्या हिंदी पुरुषानें आपली पत्नी व अज्ञान मुलें आणावीं, एवढी सवलत मात्र शिल्लक होती. तेव्हां वादाचा मुद्दा एकच उरला, आणि तो म्हणजे पत्नी कोणास म्हणावें?

हसन ईसप नांवाचे एक हिंदी गृहस्थ पोर्ट एलिझाबेथ येथें राहत असत. त्यांची पत्नी बाई मरियम हिला हिंदुस्थानांतून आल्यावर प्रवेश नाकारण्यांत आला. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयांत गेलें, आणि १४ मार्च १९१३ रोजीं न्यायमूर्ति सर्ल यांनीं निकाल दिला. त्याचा आशय असा कीं, ज्या धर्मांत पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीनें लागलेलें लग्न त्या देशाच्या कायद्यास मान्य नाहीं. त्या पुरुषाला प्रत्यक्षांत एकच पत्नी असली तरी त्यानें फरक पडत नव्हता. त्या काळीं हिंदु पुरुषालाही अनेक विवाहांची मोकळीक होती. म्हणून हा निकाल मुसलमानांपुरता न राहतां हिंदूंनाही लागूं पडला.

एका फटक्यासरशीं हजारों संसारांचा पाया उखडला गेला. ज्या स्त्रिया सन्मानानें सौभाग्यवती म्हणून नांदत होत्या, त्या कायद्याच्या दृष्टीनें उपस्त्रिया ठरल्या. त्यांच्या मुलांचा वारसा धोक्यांत आला. बाई मरियमची मूळ तक्रार केवळ प्रवेशाची होती; परंतु निकालानें प्रश्न अब्रूचा करून टाकिला. प्रवेशाचे कायदे नुसते दार उघडत अथवा बंद करीत नाहींत; दारापाशीं उभ्या असलेल्या माणसाचें नातेंही ते ठरवूं लागतात. या विषयाच्या इतिहासांत हा धडा पुन्हां पुन्हां मिळतो.

त्यापूर्वीं गांधीजींनीं स्त्रियांना सत्याग्रहांत घेतलें नव्हतें. या निकालानंतर तो संकोच उरला नाहीं. आपण आतां कायद्यानें माझी पत्नी नाहीं, असें त्यांनीं कस्तुरबांना सांगितल्यावर कस्तुरबांनीं स्वतः तुरुंगांत जाण्याची तयारी दाखविली, ही कथा सुप्रसिद्ध आहे. १५ सप्टेंबर १९१३ रोजीं फिनिक्स आश्रमांतून सोळा जणांची तुकडी निघाली. तींत कस्तुरबांसह चार स्त्रिया होत्या. परवान्यावांचून ट्रान्सवालची हद्द ओलांडल्याबद्दल त्यांना पकडण्यांत आलें, आणि २३ सप्टेंबर रोजीं तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. दुसरीकडून टॉलस्टॉय फार्मच्या तामीळ भगिनी न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींपाशीं गेल्या आणि त्यांनीं मजुरांना संपास उभें केलें. त्याही तुरुंगांत गेल्या. ६ नोव्हेंबर रोजीं गांधीजींच्या मागें ट्रान्सवालच्या हद्दीकडे जो जमाव चालूं लागला, त्यांत २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुलें होतीं. वळियम्मा नांवाची एक सोळा वर्षांची मुलगी तुरुंगांतून ज्वर घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजीं मरण पावली. ज्या मुलीचा स्वतःचा विवाहही झाला नव्हता, तिनें इतरांच्या विवाहाच्या मानासाठीं देह ठेविला.

इकडे हिंदुस्थानांत या लढ्याचा भार नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं उचलला होता. नाताळला करारबंद मजूर पाठविणें बंद करावें, असा ठराव त्यांनीं १९१० सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत मांडून संमत करून घेतला होता. १९१२ च्या ऑक्टोबरांत ते स्वतः केपटाउनास उतरले, सुमारें महिनाभर तो देश हिंडले आणि तेथील मंत्र्यांशीं बोलले. तीन पौंडांचा कर रद्द करण्याचें वचन आपणांस मिळालें आहे, अशी त्यांची समजूत झाली; तें वचन पाळलें गेलें नाहीं, हेंही सत्याग्रहाचें एक कारण झालें. मधुमेहानें शरीर खिळखिळें झालेलें असतां गोखल्यांनीं सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठीं निधि गोळा केला, आणि अँड्रूज व पीअर्सन यांना दक्षिण आफ्रिकेंत पाठविलें. १९१३ च्या नोव्हेंबरांत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनींही मद्रास येथें सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूति प्रकट केली. राजप्रतिनिधीनें साम्राज्यांतील दुसऱ्या सरकारविरुद्ध असें बोलावें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें चौकशीसाठीं सॉलोमन कमिशन नेमलें. कमिशनपुढें साक्ष द्यावी, असें गोखल्यांचें मत होतें. गांधीजींनीं बहिष्कार कायम ठेविला. मतभेद असूनही गोखल्यांनीं मदत थांबविली नाहीं. अखेर जून १९१४ मध्यें हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांच्या निवारणाचा कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी धर्मविधीनें झालेल्या विवाहांस, पुरुषास एकच पत्नी असेल तर, मान्यता मिळाली. अशी एक पत्नी व तिचीं अज्ञान मुलें यांचा प्रवेश कायद्यानें निश्चित झाला. १८ जुलै १९१४ रोजीं गांधीजींनीं दक्षिण आफ्रिका सोडली. गोखले त्यानंतर फार दिवस जगले नाहींत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

ही तडजोड बारकाईनें पाहण्याजोगी आहे. एका पत्नीचा प्रवेश कायद्यानें मिळाला, म्हणजे तो हक्क झाला. परंतु कांहीं घरांत आधींच असलेल्या दुसऱ्या बायकांचा प्रश्न कायद्यांत आला नाहीं. तो अधिकाऱ्यांच्या उदार धोरणावर सोपविण्यांत आला, म्हणजे ती मेहेरबानी झाली. अर्जदार अर्ज करतो तो हक्क म्हणून, कीं याचना म्हणून? साऱ्या इतिहासाचा कणा हाच आहे. हक्क असेल तर नकार देणाऱ्यानें कारण दाखवावयाचें असतें. मेहेरबानी असेल तर मागणाऱ्यानें नम्र व्हावयाचें असतें.

मेहेरबानीचा नमुना कानडांत सांपडतो. व्हँकूव्हर येथील शीख समाजाचे पुढारी भागसिंग व बलवंतसिंग हे १९१२ च्या जानेवारींत आपल्या बायकामुलांसह परत आले. पुरुष तेथले जुने रहिवासी होते म्हणून त्यांना उतरूं दिलें. बायकामुलांना मात्र परत पाठविण्याचा हुकूम झाला. पुष्कळ ओरड झाल्यावर त्यांना राहूं देण्यांत आलें. पण ही कृपा आहे, हा पायंडा नव्हे, असें स्पष्ट बजावून. त्या दोन कुटुंबांचें काम झालें, आणि बाकीच्या सर्वांचें राहिलें. कानडानें हिंदी रहिवाशांच्या बायकामुलांना सर्रास प्रवेश देण्याचा हुकूम काढला तो १९१९ मध्यें.

तो हुकूम निघण्यामागें १९१८ सालच्या साम्राज्य युद्ध परिषदेचा ठराव होता. वसाहतींत कायम वास्तव्य केलेल्या हिंदी माणसानें पत्नी व अज्ञान मुलें आणावीं. मात्र एका पुरुषामागें एकच पत्नी असावी, आणि येणारी स्त्री त्याची कायदेशीर पत्नी आहे असा दाखला हिंदुस्थान सरकारनें द्यावा, असें त्यांत ठरलें. आज विवाहनोंदणीचा उतारा, त्यावर सरकारी खात्याचा शिक्का, आणि तो परदेशांत ग्राह्य व्हावा म्हणून आणखी एक शिक्का, अशी जी मालिका अर्जदारास पुरी करावी लागते, तिचें एक मूळ या ठरावांत आहे. ज्या समाजांत लग्नाचा पुरावा म्हणजे गांवानें खाल्लेलें जेवण, त्या समाजाला आतां लग्नाचा कागद लागूं लागला.

दक्षिण आफ्रिकेंत १९१४ सालीं मिळालेला हक्क मात्र टिकला नाहीं. तेथील वर्णद्वेषी सरकारनें १९५३ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतून बायकामुलें आणण्याची वाट बंद केली. एवढ्या तुरुंगवासांनीं मिळविलेली गोष्ट एका दुरुस्तीनें गेली. तें राज्य १९९४ सालीं संपेपर्यंत तेथील हिंदी लोकांची कथा मायभूमीपासून तुटलेल्या समाजाची राहिली. एकदां मिळालेला हक्क संभाळण्यास हातांत मताचा अधिकार लागतो. आणि तो अधिकार तेथल्या हिंदी माणसास नव्हता.

दुसरा एक अन्याय याहून निराळ्या जातीचा होता. स्त्रीला स्वतःचें राष्ट्रीयत्व असतें, हेंच पूर्वीं कित्येक देशांना मान्य नव्हतें. तिनें परक्याशीं लग्न केलें, कीं तिचें राष्ट्रीयत्व जाई आणि नवऱ्याचें तिला लागे. अमेरिकेनें १९०७ मध्यें असा कायदा केला. १९२२ सालीं त्यांत सुधारणा झाली, तरी ज्या पुरुषास अमेरिकन नागरिक होतांच येत नव्हतें, अशाशीं लग्न करणारी अमेरिकन स्त्री नागरिकत्व गमावीतच राहिली. ही अट गेली ती १९३१ मध्यें. १९२३ च्या निकालानें हिंदी माणसें नागरिकत्वास अपात्र ठरलीं होतीं. म्हणजे त्यांच्याशीं लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रियांवर हा प्रहार सरळ बसला. ब्रिटिश कायद्यांतही परक्याशीं विवाह करणाऱ्या स्त्रीची हीच स्थिति १९४९ उजाडेपर्यंत थोड्याफार फरकानें होती.

महाराष्ट्रास जवळचें असें एक चरित्र येथें आठवतें. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे विदर्भांतील क्रांतिकारक. गदर चळवळीच्या आरंभींच्या कार्यकर्त्यांत ते होते. पुढें ते मेक्सिकोंत गेले, तेथें कृषिशास्त्राचे अध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनीं काम केलें, आणि १९३६ सालीं जेन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला. भारत स्वतंत्र झाला तेव्हां मायदेशीं येण्याची त्यांना ओढ लागली. पण ब्रिटिशांनीं केलेल्या काळ्या यादींत त्यांचें नांव होतें, आणि ती यादी सत्तांतरानंतरही कचेरींत जिवंत राहिली होती. म्हणून त्यांना व्हिसा प्रथम नाकारण्यांत आला. ज्या स्वातंत्र्यासाठीं माणसानें घर सोडलें, त्याच स्वातंत्र्याच्या दारावर त्याला थांबावें लागलें. पुढें ही अडचण दूर झाली. ते नागपुरास येऊन राहिले आणि १९६७ सालीं वारले.

कोंकणांतून इस्रायलास गेलेल्या मराठी भाषी बेने इस्रायल समाजाच्या वांट्यालाही असाच अनुभव आला. १९६२ सालीं तेथील प्रमुख धर्मपीठानें या समाजाच्या माणसांशीं विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असें फर्मान काढलें. देशांत प्रवेश मिळाला होता, पण लग्नाच्या मांडवांत संशय उभा राहिला. १९६४ मध्यें या लोकांनीं जेरुसलेम येथें ठिय्या दिला. तेव्हां, हे सर्वतोपरी ज्यू आहेत, असें तेथील लोकसभेनें जाहीर केलें आणि फर्मानांत बदल करावा लागला.

आतां मराठवाड्याकडे वळूं. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली तेव्हां औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें संस्थान मुक्त झालें. त्याच सुमारास, म्हणजे जुलै १९४८ मध्यें, पश्चिम पाकिस्तानांतून भारतांत येण्यास परवाना लागेल असा वटहुकूम निघाला, आणि १९४९ सालीं त्याचा कायदा झाला. तात्पुरत्या भेटीचा परवाना निराळा, कायमच्या परतीचा निराळा. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्याच्या जागीं पासपोर्ट व व्हिसा आले. ज्या घरांतील एक भाऊ कराचीस गेला आणि एक मागें राहिला, किंवा ज्यांची सोयरीक सिंधपंजाबांत होती, त्या घरांत लग्नाचें नातें एकाएकी परराष्ट्रीय बाब होऊन बसलें.

बिहारांतील एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें. एक स्त्री जुलै १९४८ मध्यें कराचीस गेली. तिचा नवरा भारतांतच होता. पुढें ती परवान्यावर आली, गेली, पुन्हां आली. पत्नीचें वसतिस्थान पतीबरोबर असतें, म्हणून ती भारतीयच आहे, असा तिच्या बाजूचा युक्तिवाद होता. १९५५ सालीं कोर्टानें तो फेटाळला आणि तिनें देशांतर केल्याचें ठरविलें. शतकानुशतकें कायद्यानें स्त्रीला पतीची सावली मानिलें. आणि ती सावली जेव्हां तिच्या उपयोगीं पडणार होती, नेमक्या त्याच वेळीं कायद्यानें तिला स्वतंत्र व्यक्ति ठरविलें. त्याच्या आधीं, १९५४ सालीं, मुंबई राज्यांतून गेलेल्या एका खटल्यांत याच कोर्टानें असा निर्णय दिला होता कीं, जो भारताचा नागरिक आहे त्याला परवान्याच्या कारणावरून देशाबाहेर घालवितां येत नाहीं. नागरिक स्वतः सुरक्षित झाला. त्याच्या परदेशस्थ जोडीदाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

भारताच्या स्वतःच्या कायद्यांतही एक वांकडेपणा बराच काळ होता. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें भारतीय पुरुषाच्या परदेशी पत्नीला नोंदणीनें नागरिक होण्याची वाट ठेविली. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला ती वाट नव्हती. परदेशची सून चाले, परदेशचा जांवई चालत नसे. १९८६ च्या दुरुस्तीनें ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागीं ‘व्यक्ति’ हा शब्द आला आणि हा भेद गेला. एका शब्दाच्या फरकास एकतीस वर्षें लागलीं.

आज चिकलठाण्याच्या एखाद्या घरांत परदेशची सून अथवा जांवई यावयाचा तर रीत साधारण अशी आहे. विवाह भारतांत व्हावयाचा असेल आणि धर्म भिन्न असतील, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं विवाह-अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. उभयतांपैकीं एकानें त्या जिल्ह्यांत निदान तीस दिवस वास्तव्य केलेलें असावें लागतें, आणि नोटिशीनंतर तीस दिवस हरकतींसाठीं थांबावें लागतें. विवाह परदेशांत झाला असेल तर त्याच्या दाखल्यावर त्या देशाचा प्रमाणशिक्का लागतो. या शिक्क्यासंबंधींच्या हेग येथील करारांत भारत २००५ सालीं सामील झाला. मग जोडीदारास प्रवेशाचा व्हिसा मिळतो. व्हिसा एकशें ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आल्यावर चौदा दिवसांच्या आंत विदेशी लोकांच्या नोंदणीची कचेरी गांठावी लागते. लग्नाची नोंद होऊन तें सलग दोन वर्षें टिकलें, तर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून जें कार्ड मिळतें, त्यासाठीं अर्ज करतां येतो. सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठीं. जुने १९२०, १९३९ व १९४६ चे कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागीं एकच नवा कायदा आला आहे. पण प्रवेश देणें न देणें हें सरकारच्या हातीं आहे, हें तत्त्व त्यांतही कायम आहे. पाकिस्तान अथवा बांगला देशाचा नागरिक राहिलेल्या जोडीदाराला वरील कार्डाची वाट नाहीं. त्यास दीर्घ मुदतीच्या व्हिशावर राहावें लागतें. एप्रिल २०२५ मध्यें पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांमधली वाट बंद झाली, तेव्हां अशा विभागलेल्या कुटुंबांची काय घालमेल झाली असेल, याची कल्पना करतां येते. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विचार सरकारनें केलाच पाहिजे. परंतु त्या विचाराचें ओझें निरपराध पतिपत्नींवर किती पडावें, याचाही विचार त्याच सरकारनें करावयाचा असतो.

परदेशांत जाणाऱ्या आपल्या मुलांसमोरचें चित्र याहून सोपें नाहीं. इंग्लंडमध्यें स्थायिक झालेल्या तीन स्त्रिया, त्यांपैकीं एक मलावींत जन्मलेली हिंदी वंशाची, आपल्या पतींना आणूं पाहत होत्या. पुरुषानें पत्नी आणणें सोपें आणि स्त्रीनें पति आणणें कठीण, असे तेथील नियम होते. १९८५ सालीं युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयानें हा स्त्रीपुरुषभेद अन्यायाचा ठरविला. इंग्लंडच्या सरकारनें भेद दूर केला खरा. पण स्त्रियांची वाट सोपी करण्याऐवजीं पुरुषांचीही कठीण करून टाकिली. न्यायासनासमोर जिंकलेला खटला कचेरींत कसा हरतां येतो, याचें हें उदाहरण आहे. एप्रिल २०२४ मध्यें तेथें जोडीदार आणणाऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाची किमान मर्यादा २९,००० पौंडांवर नेण्यांत आली. १९१३ सालीं विवाहाचा धर्म पाहिला जाई, आज मिळकत पाहिली जाते, एवढाच फरक.

अमेरिकेंत कामाच्या व्हिशावर गेलेल्या तरुणांच्या बायकांत मराठी मुलीही पुष्कळ आहेत. प्रवेश मिळे, पण नोकरीची मनाई असे. २०१५ सालीं त्यांपैकीं कांहींना ती मुभा मिळाली. पदवी घेतलेल्या, कमावत्या मुलींनीं वर्षानुवर्षें रिकाम्या हातांनीं बसावें, ही त्या प्रवेशाची किंमत होती. आणि जून २०२४ मध्यें तेथील सुप्रीम कोर्टानें असा निकाल दिला कीं, नागरिकाला आपला परदेशी जोडीदार देशांत आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नाहीं. म्हणजे बाई मरियमच्या प्रकरणाला एकशें अकरा वर्षें लोटल्यावरही प्रश्न जागच्या जागीं उभा आहे.

या इतिहासाचा निष्कर्ष काय? कोणतेंही राष्ट्र आपलीं दारें सताड उघडीं ठेवूं शकत नाहीं, हें खरें. खोटीं लग्नें होतात, फसवणूक होते, म्हणून चौकशी हवी, हेंही खरें. परंतु परका पाहुणा आणि नागरिकाचा जोडीदार यांत अंतर आहे. पाहुण्याला नकार दिला तर एका परक्याची निराशा होते. जोडीदाराला नकार दिला तर त्याची शिक्षा स्वतःच्या नागरिकालाही होते. म्हणून अशा अर्जाचा निकाल ठराविक मुदतींत व्हावा, नकार असेल तर त्याचें कारण लिहून मिळावें, आणि त्यावर दाद मागण्यास जागा असावी, एवढें तरी राज्यानें हक्क म्हणून मान्य करावें. उरलेलें वाटेल तर त्यानें आपल्या विवेकावर ठेवावें.

आणि अर्ज करणाऱ्या कुटुंबांनींही कांहीं ध्यानीं ठेवावें. विवाहाची नोंदणी लग्नाच्या गडबडींत पुढें ढकलूं नये, नांवांचें स्पेलिंग सर्व कागदांत एक असावें, मुदती संभाळाव्या, मधल्या दलालाच्या नादीं लागून खोटा कागद एकही जोडूं नये, कारण एका खोट्या कागदानें खरें लग्न संशयांत पडतें. हे नियम रुक्ष वाटतील. पण ज्यांनीं या हक्कासाठीं खडी फोडली, कपडे धुतले, तुरुंगांतला ज्वर अंगावर काढला, त्यांच्या हातीं असा कागदही नव्हता. फिनिक्सहून निघालेल्या त्या चार स्त्रियांनीं कोणापाशीं कृपा मागितली नाहीं. आमचा संसार हा संसार आहे, एवढेंच त्यांनीं राज्याला सांगितलें. आज ज्याला आपल्या जोडीदारासाठीं अर्ज भरावा लागतो, त्यानें तो याचकाच्या मनानें भरूं नये. खरेपणानें भरावा, पुरा भरावा, आणि मान ताठ ठेवून भरावा.